मुठीत मावणारी मर्दुमकी

मंडळी, ऐका! चिपळ्या बाजूला ठेवतो आणि एकच विचारतो — निर्भयपण विकत मिळतं का? मिळत असेल, तर विकणाऱ्याकडे ते शिल्लक उरतं का?

नुसत्या माना हलवू नका! आख्यान ऐका.

कासारखेड हे तालुक्याचं गाव. तिथं भालचंद्र उकिडवे यांचं बंदुकांचं दुकान. वडिलांच्या काळात शेतकरी यायचे, रानडुकरांसाठी लांब नळीची बंदूक न्यायचे. खांद्यावर टाकून, चारचौघांत, उघड! पण भालचंद्रराव पडले हुशार. त्यांनी आणलं पिस्तूल. केवढं? तळहातावर ठेवून बोटं मिटावीत एवढं! खिशात घातलं तर सदरा शिवणाऱ्या शिंप्यालाही कळू नये!

पहिलं गिऱ्हाईक तुळशीदास आगलावे, खडीच्या क्रशरचे मालक. म्हणाले, "हे एवढंसं? यानं चिमणी तरी मरेल का?"

"साहेब, मारायचंय कुणाला? खिशात नुसतं असलं तरी चाल बदलते माणसाची. बघा चालून!"

आणि आगलावे चालले हो! दुकानातल्या आरशासमोर! पोट आत, छाती बाहेर — पन्नाशीचा माणूस! जावई आलेत घरात, आणि हे आरशापुढं मिरवताहेत!

तरी घेईनात. मग भालचंद्ररावांनी आवाज उतरवला, "बोडख्यांनी कालच नेलं."

जगदेवराव बोडखे म्हणजे दूध संघाचे चेअरमन, आगलाव्यांचे निवडणुकीतले वैरी. आणि मंडळी, बोडख्यांनी काही नेलं नव्हतं! पण आगलाव्यांचा चेहरा पांढरा पडला, त्यांनी घेतलं. मग भालचंद्रराव बोडख्यांकडे, "आगलाव्यांनी नेलं बरं का!" — आता हे मात्र खरं! परवाने? अगदी रीतसर! 'जिवाला धोका' म्हणून दोघांनी एकमेकांचीच नावं लिहिली!

मग काय, रांगच लागली. सरपंच, सावकार, लग्नाचे घोडे पुरवणारासुद्धा! अरे, तुला कोण मारणार? घोडा?

घरी बायको, कुमुदिनीबाई, म्हणाल्या, "अहो, हे किती दिवस चालणार?"

"अगं, या धंद्याला मरण नाही! एकानं घेतलं की दुसऱ्याला लागतंच. भीती वाढेल तशी विक्री वाढेल."

"आणि आपण राहतो कुठं? याच गावात ना?"

भालचंद्रराव हसले. भविष्य दिसत होतं ना त्यांना! बाजाराचं दिसत होतं. घराचं नाही.

लेकीचा, रेणुकाचा, साखरपुडा ठरला. मंगल कार्यालय, सकाळी अकराचा मुहूर्त. सगळी गिऱ्हाइकं जरीच्या फेट्यात हजर! दारात उभ्या यजमानाला दरदरून घाम. कारण कुणाकुणाच्या खिशात काय आहे, हे त्या मांडवात एकट्या त्यालाच ठाऊक! हळूच म्हणाला, "आगलावेसाहेब, आजच्या दिवस ते गाडीत ठेवता का?"

"बोडख्यांना सांगितलं का?"

बोडख्यांकडे गेला. "आधी आगलाव्यांना सांगा!"

कुमुदिनीबाई औक्षणाचं ताट घेऊन मुलीकडे निघाल्या. एवढ्यात बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. तड-तड-तड! आगलाव्यांचा हात खिशात. तो पाहून बोडख्यांचा हात खिशात. दोन शूर! डोळे गच्च मिटून दोघांनी घोडा ओढला, मंडळी. डोळे मिटून!

आगलाव्यांचं खिशातच उडालं, मांडी फाटली. बोडख्यांची गोळी कुमुदिनीबाईंच्या उजव्या मनगटात. ताट पडलं, निरांजन विझलं, अक्षता रक्तात. रेणुका किंचाळली, "बाबा, हे तुमच्या दुकानातलं!"

बाई वाचल्या. पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, आता मिटणार नाहीत.

आठ दिवसांनी भालचंद्ररावांनी दुकान उघडलं. वाटलं, लोक थुंकायला येतील. सहा जण आले आणि काय म्हणाले, सांगू? "कार्यालयात चाललं ना, तसलंच द्या. पटकन निघतं म्हणे खिशातून!"

हसू नका! यात हसण्यासारखं काय आहे?

"संपलं," भालचंद्रराव म्हणाले.

"नवीन कधी येणार?"

त्यांनी शटर ओढलं. घरी आले, ताट वाढून घेतलं, बायकोला पहिला घास भरवला. तिनं विचारलं, "आलं होतं का कुणी?"

"आले होते. सहा जण."

"घाबरलेले होते?"

"नाही गं. खूश होते."

आणि हा माणूस लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी परवाना परत केला. गाव सुधारलं? हॅट! शेजारच्या तालुक्यात दुसरं दुकान निघालं, आता तिकडं जातात.

आणि तुम्ही? भालचंद्ररावाला नावं ठेवत बसलात! तो विकत होता, पण त्याच्या "त्यानं नेलं" या दोन शब्दांवर कुणीतरी विश्वास ठेवला ना? त्या बोडख्यांच्या घरी जाऊन एकानं तरी विचारलं का, "जगदेवराव, खरंच नेलं का हो?" चार घरं पलीकडं राहत होते!

तुमच्याही कानात कुणीतरी कुणाबद्दल असंच काही घालून गेलंय. कोण, ते तुम्हाला माहीत आहे. ज्याच्याबद्दल घातलंय, तो माणूस कदाचित याच मांडवात बसलाय. वळा त्याच्याकडे आणि विचारा, "बाबा रे, तुला माझी भीती वाटते का?" ऐकायची छाती असेल तर विचारा.

विचारा, मंडळी. तोवर मृदंग गप्प राहील.