आईला वजा केलं तर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेले वडील आपल्या लहान मुलीला वजाबाकी शिकवत होते.

“पाच पेरू होते. दोन खाल्ले. किती उरले?”

“कोणी खाल्ले?”

“कोणीही खाल्ले असतील.”

“मी नाही खाल्ले.”

“बरं, पेरू राहू दे. घरातली माणसं घेऊ. तू, मी, आजी आणि आई. किती झाले?”

“चार.”

“आई मामाकडे गेली. आता किती?”

“चार.”

“अगं, आई आत्ता घरात आहे का?”

“नाही. पण येणार आहे ना? तुम्हीच म्हणालात.”

“येईल गं. पण गणितात तिला वजा करायचं.”

“आई बटणं वजा करायला लावते. माणसं नाही.”

“आईची पद्धत चुकीची आहे.”

“हे तुम्ही तिलापण म्हणालात. म्हणून तर ती गेली.”

वडिलांनी फोन लावला.

“हॅलो, ठेवू नकोस. मला नाही जमत हिला शिकवायला. आई गेल्यावर किती उरले विचारलं, तर ही चारच म्हणते... हं... बरं.”

“काय म्हणाली आई?”

“म्हणाली, तुझं उत्तर बरोबर आहे.”