बॉनेटवरचे गोल ओरखडे

मंडळी, ऐका! साल दोन हजार अकरा. गाव कऱ्हाड. आणि प्रश्न असा – गाडी कशाला असते हो? बसायला, की बघायला? हसू नका मागचे! वाळिंबे मास्तरांना याचं उत्तर सापडायला सहा महिने लागले!

मास्तर ड्रॉइंगचे, रिटायर झालेले. काळीभोर गाडी घेतली, रोज जुन्या धोतरानं कोरडीच पुसली. एकदा उन्हात बघतात तो काय – बॉनेटभर बारीक गोल ओरखडे, कोळ्याच्या जाळ्यासारखे! झालं! पॉलिशचं मशीन आणलं. पेस्ट लावायची, घुर्रर्र फिरवायचं, बॅटरी मारून बघायचं – अजून एक दिसतोय! ऊन नको म्हणून अंगणात मांडवसुद्धा घातला. शेजारी विचारतात, "मुंज कुणाची?"

इकडे त्यांच्या बायकोचा, शरयूकाकूंचा, जीव तुटत होता. वाईला थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली – कमळाक्का. एसटीत काकूंना उलट्या होतात.

"अहो, निघू या ना!"

"एवढे ओरखडे जाऊ देत. अशी गाडी घेऊन मेहुणीच्या दारात जाऊ?"

"अक्का मला बघणार आहे, बॉनेट नाही!"

घुर्रर्र! पाडवा गेला, राखी गेली, गणपती गेले!

आली खंडेनवमी. आपण अवजारं पुजतो, आणि उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. मास्तर याबाबतीत भारी कडक! आंघोळ करून येतात तो – मशीन पाटावर! हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे पेढा!

"शरयू! अर्धं बॉनेट राहिलंय गं!"

"आधी नमस्कार करा."

केला बिचाऱ्यांनी!

"उत्तरपूजा कधी?"

"अक्काला भेटून आल्यावर."

आणि गाडी? तिला काकूंनी कुंकवाचा ठिपकासुद्धा लावला नव्हता. पुजली असती तर जायचं कशानं?

अर्धी चकचकीत, अर्धी ओरखड्यांची गाडी वाईला पोचली. अक्कानं काकूंचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. मास्तर ओसरीवर बसून होते. गाडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही!

पुढे? कमळाक्का मार्गशीर्षात गेली. मास्तर दर रविवारी काकूंना कुठंतरी फिरवायचे; आठ वर्षांनी तेही गेले. गाडी भाच्यानं नेली, पोचे पडलेली. काकू आहेत, आणि मशीन अजून पाटावरच आहे! उत्तरपूजा त्यांनी केलीच नाही. रोज एक फूल. नवी सून आली, भक्तिभावानं हात जोडून विचारते, "आई, हे कुठलं दैवत?"

आता तुम्ही सांगा मंडळी – तुमच्या घरी काय घुर्रर्र चाललंय? आणि कुणाची अक्का वाट बघतेय? कीर्तन संपलं की प्रसाद घ्या, आणि घरी नका जाऊ. तिच्याकडे जा!