टेकू राहू द्या

मंडळी, नमस्कार. गफूरभाई मिस्त्रींच्या घरची माणसं पुढेच बसली आहेत. मी त्यांच्याकडे बघूनच बोलतो. सांभाळून घ्या.

महादेवाच्या देवळापुढे आपण उन्हात बसलो आहोत. शेजारीच सभामंडपाची सावली आहे. गफूरभाईंनी घातलेला हा शेवटचा स्लॅब, अजून टेकूंवर उभा. सकाळी कुणी म्हणालं, "टेकू काढू, सभा आतच घेऊ." म्हणणाऱ्याचं मन चांगलं. पण मी हात जोडतो. टेकू राहू द्या.

तुम्हाला आठवतं? गफूरभाईंनी सिमेंट कमी करून भुसावळकडच्या वीज केंद्राची राख घालायचं ठरवलं, तेव्हा देवळाचा कारभार बघणारे आपले आबा केवढे तापले होते! "देवना दारमा राख?"

गफूरभाई हसले. म्हणाले, "आबा, राख ते तुमना महादेवना आंगवर बी शे."

आबाच आधी हसले. हो ना आबा?

मग गफूरभाईंनी समजावलं होतं. सिमेंटसाठी डोंगर फोडायचा, भट्टी पेटवायची, धूर सोडायचा. राख तर जळून मोकळी झालेली. ती वाऱ्यावर उडून लोकांच्या छातीत जाते, त्यापेक्षा भिंतीत बसू दे. फक्त ती सावकाश धरते. टेकू जास्त दिवस लागतात, पाणी जास्त दिवस लागतं. "घाई असेल तर दुसरा मिस्त्री बघा," असं तोंडावर सांगायचे. घाई कुणाला नव्हती? मलाही होती. श्रावणातलं भजन मंडपात व्हावं, असं वाटत होतं.

आज आपण घाई केली आणि स्लॅबला तडा गेला, तर लोक काय म्हणतील? राखेचं काम कच्चं. गफूरभाईंचं काम कच्चं. उत्तर द्यायला ते नाहीत. मग या भागात पुन्हा कोण राख वापरेल?

परवा मातीला गेलो. कबरीवर पाणी शिंपडलं. गफूरभाईंच्या घरी परत आलो तर त्यांच्या पत्नी, आपल्या भाभी, दारात. मला वाटलं, रडतील. त्यांनी विचारलं, "भाऊ, स्लॅबको पानी मारा क्या?"

तसाच मंडपाकडे आलो. मी शिडी चढलो आणि पाणी मारलं.

आता आपण उभे राहू. आपापल्या देवाला आठवू. मग ज्याला शिडी चढता येईल त्यानं चढावं, बाकीच्यांनी खालून तांब्या वर द्यावा. पहिला तांब्या भाभींच्या हातचा.

गफूरभाई, सलाम. तुम्ही निवांत झोपा. पाणी आम्ही मारतो.