साडेसहाचा फोन

लहानू : फोन बंदच दाखवून राहिला.

प्रीती : मग थोड्या वेळानं लावा, बाबा.

लहानू : थोडा वेळ, थोडा वेळ. रोज साडेसहाला मी लावतो अन् दुसऱ्या रिंगले मनोहरराव उचलते. मले दारू सोडून त्रेपन्न दिवस झाले, एक दिवस असं नाही झालं.

प्रीती : त्यांनाही घरदार असेल. काटोलला बाग आहे, सुना-नातवंडं आहेत. तुमच्या एका फोनसाठी बसून राहायचं का त्यांनी?

लहानू : बसून राहते तो. तेच तं सांगतो. अकरा वर्षं झाले त्याले सोडून. साडेसहा म्हणजे काय असते, त्याले माहीत आहे.

प्रीती : मला सांगा ना काय असतं.

लहानू : तुले काय सांगू.

प्रीती : हेच. रोज दार लावून घेता आणि अर्धा अर्धा तास त्यांच्याशी बोलता. कधी हसता, कधी रडता. सगळं ऐकू येतं, शब्द तेवढे कळत नाहीत. मग बाहेर येता आणि मला विचारता, भाजी कोणती आहे.

लहानू : भाजी तं विचारा लागन ना.

प्रीती : दुपारी शिरा केला होता तुमच्यासाठी.

लहानू : खाल्ला ना दोन घास.

प्रीती : एक. आणि आता खिशातून काढून काय चघळताय?

लहानू : गूळ आहे. मनोहररावनं दिला, घरचा. तलब आली का गोड टाकायचं तोंडात, असं आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सांगतात.

प्रीती : शिरा गोडच होता.

लहानू : तू काय गुळाशी भांडून राहिली का वं?

प्रीती : हो. त्या माणसाशी कशी भांडू? मी त्यांना बघितलंही नाही अजून. नुसतं नाव ऐकते उठता-बसता. मनोहरराव म्हणे पाणी प्या. मनोहरराव म्हणे पायी फिरा. मीही हेच सांगत होते, आई गेली तेव्हापासून. तेव्हा तुम्ही दोन महिने पीतच होता.

लहानू : होतो.

प्रीती : पुण्यातली खोली सोडून इथं आले मी.

लहानू : तुले म्हटलं होतं, नको येऊ म्हणून.

प्रीती : म्हटलं होतं.

लहानू : आज तलबेचं नाही एवढं. तलब बरी. ती येते, जाते. बुटीबोरीची गिरणी सुटली का साडेसहाला बस चौकात थांबे, अन् पाय आपोआप दारूच्या भट्टीकडे वळत. आता रिटायर झालो, बस नाही, पण पायाले अजून तेच वाटते. ते मी धकवून नेतो. हे दुसरं जे आहे ना, ते बसून राहते छातीवर. सकाळी डोळे उघडले का वाटते, निघालाच काहून दिवस. मले वाटलं होतं, सोडली का घर कसं लख्ख दिसन. दिसून तं राहिलं लख्ख. तिचा चष्मा दिसते. तिच्या चपला दिसतात. पेलो असलो का नव्हतं दिसत.

प्रीती : हे मला कधी बोलला नाहीत.

लहानू : आता बोललो ना.

प्रीती : फोन लागत नाही म्हणून.

लहानू : तुह्याशी बोलणं म्हणजे परीक्षाच असते एकेक वेळा. बरं, मी चौकापर्यंत चक्कर मारून येतो.

प्रीती : चौकात भट्टी आहे.

लहानू : भट्टी तीस वर्षांपासून तिथंच आहे. मी हवा खायले चाललो.

प्रीती : मी येते सोबत.

लहानू : नको. मले एकट्याले चालू दे जरा.

प्रीती : बाबा, चपला काढा. बसा. फोन आठपर्यंत लागणार नाही.

लहानू : तुले कसं माहीत?

प्रीती : दुपारी तुम्ही झोपला होता तेव्हा त्यांचा फोन आला होता. तुमचा फोन वाजत होता, मीच उचलला. त्यांच्या पुतण्याचा साखरपुडा आहे आज, आडगावात. तिथं रेंज नसते म्हणाले. विचारत होते, लहानूभौ आजची संध्याकाळ काढतील का. नसेल जमत तर मी जात नाही म्हणाले.

लहानू : अन् तू काय म्हटलं?

प्रीती : जा म्हटलं. मी आहे.

लहानू : मग मले काहून नाही सांगितलं?

प्रीती : त्यांनी दुसरा नंबरही दिला होता. ग्रुपमधल्या वच्छलाबाईंचा. म्हणाले, लिहून घ्या ताई, गरज पडली तर त्यांना लावू दे.

लहानू : कुठी लिहिला?

प्रीती : नाही लिहिला.

लहानू : दिवसभर दुसऱ्याच्या पुस्तकातल्या चुका काढत बसते तू. कानाची पेन्सिल खाली येत नाही तुह्या.

प्रीती : हातातच होती पेन्सिल. हो-हो म्हणत राहिले आणि लिहिलं काहीच नाही. ते आकडे सांगत होते, मी ऐकत होते.

लहानू : अन् मी भट्टीवर गेलो असतो तं?

प्रीती : ते डोक्यात आलं नाही असं म्हणणार होते. पण आलं होतं.

लहानू : तरी?

प्रीती : तरी. मला वाटलं, त्यांचा फोन नाही लागला तर एक दिवस तुम्ही माझ्याकडे याल.

लहानू : अजब पोरगी आहे.

प्रीती : आईनं तीस वर्षं एकच मागितलं तुमच्याकडे, दारू सोडा. भांडली, उपाशी राहिली, सणाच्या दिवशी चौकातून हाताला धरून आणलं तुम्हाला. तिला दिलं नाहीत. आणि हा कोण कुठला बागवाला भेटला, त्याला पहिल्या दिवशी देऊन मोकळे झालात. आईचं काय कमी पडलं? तिनं गूळ दिला नाही म्हणून?

लहानू : तिचं काहीच कमी नाही पडलं. तिच्यापुढं मी नवरा होतो, प्रीती. मनोहररावपुढं मी नुसता बेवडा आहे. तोही बेवडा. तिथं लाज नाही लागत.

प्रीती : आणि माझ्यापुढे कोण आहात?

लहानू : तुह्यापुढं मी तो माणूस आहे जो तिच्या उशाशी होता.

प्रीती : होताच ना. तुम्हाला सांगू? त्याचाही हेवा केला मी. पुण्याहून येताना गाडी वर्ध्याच्या पुढे नुसती उभी होती, मी डब्याच्या दारात उभी, आणि इकडे ती गेली. शेवटचा तास तुम्हाला मिळाला. इतकी वर्षं तिला रडवून तो तास तुम्हाला, आणि मला काही नाही. हे सगळं मनातल्या मनात तुम्हाला किती वेळा बोलले असेन.

लहानू : मनोहररावले मी तेच सांगतो. त्या तासाचं.

प्रीती : रोज?

लहानू : रोज. दुसरं जे बोलतो, ते नुसतं वरवरचं.

प्रीती : मला सांगा.

लहानू : नको. तो येऊ दे. त्याच्यासमोर सांगीन.

प्रीती : ती माझी आई होती. मला सांगायला तो कशाला हवा? सांगा.

लहानू : चार वाजले असन. ती म्हणे, बुद्धवंदना म्हणू. आवाज नव्हता निघत, ओठ हलत नुसते. मी म्हणू लागलो, ती मागून. मग पंचशील. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसरं, चवथं झालं. पाचवं दारू न पिण्याचं.

प्रीती : घरी तुम्ही पाचव्याला उठून जायचा.

लहानू : तिथंही उठलो. तोंडातून निघेचना. म्हटलं, पाणी घेऊन येतो. पाणी तिथंच होतं टेबलावर. ती पाहून राहिली माह्याकडे. मी म्हणीन म्हणून थांबली होती. मी जिना उतरलो. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दारूचं दुकान आहे. एकाचे दोन झाले. परत आलो तं पडदा ओढला होता.

(प्रीती कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवते.)

लहानू : प्रीती.

प्रीती : तुम्ही मला सांगितलं, तिचा हात तुमच्या हातात होता.

लहानू : होता. नंतर. थंडा झाला होता.

प्रीती : म्हणजे तिच्याजवळ कोणीच नव्हतं.

लहानू : सिस्टर होती म्हणे. मी विचारलं होतं. म्हणे, काही बोलल्या नाही.

प्रीती : आणि मी त्या दिवशी तुमच्या गळ्यात पडून रडले. तुम्ही होता म्हणून बरं झालं, असं म्हटलं तुम्हाला.

लहानू : म्हटलं होतं तू. त्याच्यानंतर जे दोन महिने पेलो, ते तेवढ्यासाठी.

प्रीती : माझ्या नावावर घालू नका ते.

लहानू : नाही घालत.

प्रीती : हे सगळं त्या माणसाला माहीत आहे. त्रेपन्न दिवस.

लहानू : बेचाळीस. पहिले अकरा दिवस त्यालेही नाही सांगता आलं.

प्रीती : काय म्हणतात ते, ऐकून?

लहानू : काही नाही म्हणत. शेवटी म्हणते, उद्या लाव.

प्रीती : एवढंच?

लहानू : एवढंच.

प्रीती : मला वाटायचं, दार लावून तुम्ही त्यांना काहीतरी चांगलं देताय. माझ्या वाट्याचं.

लहानू : हेच होतं, बाई.

प्रीती : हो.

लहानू : मी बाहेर जाऊन बसतो ओट्यावर. तुले माह्याकडे पाहवत नसन आता.

प्रीती : नाही पाहवत.

लहानू : मग जातो.

प्रीती : मी खिडकीकडे तोंड करून बसते. तुम्ही उठू नका.