उतारावरची पिकअप

लोणंदच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन म्हातारे येऊन टेकले. पूर्वी मिलिटरीत ड्रायव्हर असलेले लालासाहेब, आणि त्यांचा शेजारी नारायण.

"आवं लालासाहेब, दोन-चार दिस झालं, पिकअपला धक्का मारायला हाक न्हाई."

"गरजच न्हाई पडली रं."

"नवी बॅटरी घातली व्हय?"

"ती तर कवाच घातलेली. संयोगिता म्हणली, आबा, चावी मारली की इंजिन झ्याक फिरतंय, म्हंजी बॅटरीत खोट न्हाई. मागनं पांढरा धूर येतोय. डिझेल जातंय, पर गारठ्यात पेटत न्हाई."

"नातीनं वळखलं?"

"आयटीआय उगं केलंय व्हय? इंजिन तापवायचे हिटर प्लग काढून तपासले, त्यातले दोन मेलेले. साताऱ्यासनं नवे आणून सोताच बसवले."

"लेहच्या बर्फात ट्रक चालवलेल्या माणसाला न्हाई कळलं?"

"न्हाई कळलं. थंडीत गाडी अशीच करायची, म्हणत बसलो."

"तरी आजून उतारावरच लावत आसाल, ढकलायला बरी म्हणून."

"लावत हुतो. मग ती म्हणली, आबा, म्हंजी माझ्या कामावर तुमचा भरवसा न्हाई."

"मग?"

"काल टोमॅटो भरून गाडी वड्याच्या खोलगटात लावली. धा माणसं लागली तरी ढकलून निघायची न्हाई, आशी जागा बघून. आन् चावी तिच्याकडं दिली."

"मग तुमी हितं एसटीला का थांबलाय?"

"मी उठायच्या आत गेली की ती बाजाराला."