उरलेली अर्धी गिरकी

या मंडळी, बसा. मागचे थोडे पुढे सरका. खांबाआड बसलात तर मला वाटेल डुलक्या घ्यायला आलात. देवाला साक्षी ठेवून एकच विचारतो. आपलं माणूस घसरलं की आपण जमिनीला दोष देतो, आणि परकं घसरलं की माणसाला. असं का? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

मिरजेत पोतनीस मास्तर होते. चित्रकलेचे शिक्षक, निवृत्त झालेले. रेघ केसभर वाकडी गेली तरी ओळखणारी नजर! या मास्तरांना उतारवयात वेड लागलं फिगर स्केटिंगचं. टीव्हीवर तुम्ही बर्फावरचं पाहिलं असेल. आपल्याकडे बर्फ कुठला — तो फक्त सरबतात. इथे मुली चाकांचे बूट घालून गुळगुळीत फरशीवर तेच करतात. गाण्यावर नाचायचं, उडी मारून हवेत दोनदा फिरायचं, आणि एका पायावर उतरायचं. परीक्षक गुण देतात.

मास्तरांच्या गल्लीत केतकी शिराळकर राहायची. सोळा वर्षांची, गुणी पोर. मास्तरांनी फोनवर तिच्या चाहत्यांचा ग्रुप काढला, तीनशे माणसं जमली. आणि इचलकरंजीची संज्योत आवटी ही केतकीची प्रतिस्पर्धी. झालं, एवढाच तिचा गुन्हा.

केतकी पडली की मास्तर लिहायचे, "फरशी ओलसर होती." संज्योत पडली की, "सराव नाही, मन कच्चं." केतकी हसली नाही तर ती एकाग्रता, संज्योत हसली नाही तर घमेंड. आणि हसलीच, तर नाटकी. सांगा, त्या पोरीनं तोंड न्यावं तरी कुठं?

कोल्हापूरला राज्याच्या संघाची निवड होती. तिघींनाच घेणार होते. आदल्या दिवशी दुपारी सराव. सगळ्या मुली सारख्या काळ्या पोशाखात, केस घट्ट बांधलेले. मास्तर गॅलरीत सगळ्यात वर बसलेले. शेजारचा म्हणाला, आता संज्योतची पाळी. मास्तरांनी व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "नीट बघा. हवेत दीडच गिरकी झाली. उरलेली अर्धी जमिनीवर टेकून फिरवली. ही चोरी दोन वर्षं चालली आहे."

तासाभरात ऐंशी जण तुटून पडले. कुणी म्हणालं, हिला बाद करा. कुणी तर आईबापांचे संस्कार काढले.

संध्याकाळी केतकी बाहेर पायरीवर बसली होती. मास्तर दिसले तशी तिनं फोन पुढे केला.

"आजोबा, ही मी आहे. आमच्या पाळ्या बदलल्या होत्या."

मास्तरांचा चेहरा उतरला. "अगं, वरून नीट दिसलं नसेल मला."

"नाही, बरोबर दिसलं. माझी उडी अपुरीच आहे. शिकवणाऱ्या मॅडम कधीच्या सांगतायत. मी त्यांच्यावरच चिडायचे. म्हणायचे, पोतनीस आजोबांची नजर चित्रकाराची, ते तर पूर्ण म्हणतात. तुम्हाला दिसत होतं ना, आजोबा? दोन वर्षं?"

दिसत होतं, मंडळी. डोळ्यांना दिसायचं, आणि मन त्यावर पांघरूण घालायचं.

तिथंच बसून त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "ती मुलगी केतकी आहे. उडीबद्दल लिहिलं ते खरंच आहे." आणि बघा गंमत. तीच माणसं म्हणायला लागली, कॅमेरा हलला. सरावात कुणी पूर्ण जोर लावतं का? ज्यानं 'बाद करा' म्हटलं होतं तो लिहितो, "लहान पोरीवर किती दडपण." व्हिडिओ तोच, उडी तीच. ओळीओळीत मास्तरांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

सकाळी ते संज्योतला शोधत गेले. "मी पोतनीस," म्हणाले. पोरीनं मान खाली घातली. तिची आई म्हणाली, "ओळखतो आम्ही. तुमचं लिहिलेलं तिला पाठ आहे."

मास्तरांनी हात जोडले. "बाळ, मी तुझ्यावर अन्याय केला."

संज्योत हळूच म्हणाली, "माझ्या चुका काढा, काका. उतरताना माझा डावा खांदा पडतो, असं तुम्ही लिहिलं होतं. ते खरं होतं, मी सुधारलं. पण घमेंडी, ते कशावरून?"



त्या दिवशी केतकीनं अवघड उडी सोडून दिली, सोपी मारली, स्वच्छ उतरली. चौथी आली. संघ हुकला. रडली खूप, पण दुसऱ्याच दिवशी मॅडमपुढे जाऊन म्हणाली, पहिल्यापासून शिकवा. संज्योत एकदा पडली, उठली, तिसरी आली. मास्तरांनी ग्रुपवर लिहिलं, "संज्योतची निवड योग्य. केतकीचा चौथा नंबरही योग्य." शंभर माणसं ग्रुप सोडून गेली. मास्तरांनी जाऊ दिली.

आता तुमच्याकडे वळतो. लेकीनं भाजी खारट केली तर हात चुकला, सुनेनं केली तर माहेरचं वळण. मीठ तर एकाच डब्यातलं! परक्याचं नुकसान होतं ते दिसतंच. पण लाडक्याचंही होतं, मंडळी — त्याची अर्धी गिरकी कायमची अर्धीच राहते.

देवाचं नाव घ्या आणि उठा. वाटेत माझं कीर्तन कसं झालं ते बोलालच. बोला, जरूर बोला. फक्त तुमच्या गावच्या बुवांना जे माप लावता, तेच मला लावा.