हात घरी भाजला नाही

जबाब
दि. ११ नोव्हेंबर २०२५

मी कुंदा लवू घाडीगावकर, वय ४८, शिक्षण तिसरी, धंदा लाँड्रीत मशीनवर काम, राहणार कांजूरमार्ग पूर्व, मुंबई. धंद्याच्या पुढे आधी 'गृहिणी' लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असं की,

वरील पत्त्यावर मी, नवरा लवू आणि मुलगी श्रुतिका असे तिघं राहतो. लवू एका सोसायटीत पंप आणि लिफ्टचं बघतो. मुलगी कॉलेजात आहे. मी नऊ वर्षं मुलुंडला स्नोबेल लिनन या लाँड्रीत कामाला होते. तिथं हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे धुवायला येतात. जुहूच्या बाजूची हॉटेलं जास्त. मला तिथं धाकू तोरस्कर यानं लावलं. तो तिथला सुपरवायझर. आमच्याच गावचा, आमच्याच वाडीतला. त्याच्याबद्दल मला पुष्कळ सांगायचं आहे, पण साहेब म्हणाले आधी अपघाताचं सांगा.

दि. १८ फेब्रुवारी रोजी सकाळी मी कामावर हजर होते. माझी ड्युटी रोलरवर होती. रोलर म्हणजे भलं मोठं तापलेलं लाटणं. ओली चादर दोघींनी दोन टोकं धरून आत द्यायची, पलीकडून ती इस्त्री होऊन निघते. दुसऱ्या टोकाला शकु होती. रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी असते. तिला हात लागला की मशीन बंद पडते, म्हणजे माणूस वाचतो. पण जाड चादर आली की तीपण पट्टीला घासायची आणि मशीन सारखी बंद पडायची. मालक ओरडायचा. म्हणून धाकूनं फाटक्या अभ्र्याची चिंधी घेऊन ती पट्टी बांधून टाकली होती. आम्ही बायकांनी त्याला सांगितलं, सोड ती. तो हसून म्हणाला, "घराक भाकरी भाजतास तेव्हा हात तव्यार ठेवतास काय गे?" सगळ्या हसल्या. मीपण हसले.

त्या दिवशी चादरीचं टोक दुमडून आत चाललं होतं, ते मी सरळ करायला गेले. उजवा हात चादरीबरोबर आत गेला. पट्टी बांधलेली होती, मशीन थांबली नाही. मेन स्विच मागच्या भिंतीवर. शकु पळत जाऊन तो बंद करीपर्यंत हात मनगटापर्यंत आत गेला होता. त्यापुढचं मला आठवत नाही. साहेबांनी विचारलं, दुखण्याबद्दल काही लिहायचं का. नको.

मला रिक्षात घालून धाकूनं पालिकेच्या इस्पितळात नेलं. अॅम्ब्युलन्स बोलावली नाही. दारात अॅम्ब्युलन्स उभी राहिली की आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं बघतात, म्हणून मालक नको म्हणाला. हे मला शकुनं मागाहून सांगितलं. इस्पितळात पोलीस असतात. त्यांनी विचारलं काय झालं. मी शुद्धीवर नव्हते. धाकूनं सांगितलं, "मी हिचा भाऊ. घरी पाणी तापत होतं, पातेलं कलंडलं, हात भाजला." तो जबाब त्यांनी लिहून घेतला, त्यावर धाकूची सही आहे. मग दोन बोटं काढावी लागतील म्हणून डॉक्टरांना नातेवाइकाची सही पाहिजे होती. तीपण त्यानंच केली, भाऊ म्हणून. लवू तेव्हा रस्त्यात होता. ज्या माणसानं पट्टी बांधली, त्याच माणसानं माझी बोटं कापायची परवानगी दिली. हे नीट लिहा.

नर्सनं मला मागाहून सांगितलं, डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, पाण्यानं भाजलं तर हाडांचा चुरा कसा झाला? धाकू म्हणाला, पातेलं जड होतं. असलं पातेलं आमच्या चाळीत कोणाकडे नाही. लग्नाच्या जेवणालापण आणत नाहीत.

आता बाई घरात भाजली म्हटल्यावर पोलीस कोणाला धरणार? नवऱ्याला. त्यात पोलिसांचं चुकलं असं मी म्हणत नाही, किती बायका खरोखर जाळतात. पण लवूला याच ठाण्यात बाहेरच्या बाकड्यावर दिवसभर बसवून ठेवला आणि येणारा-जाणारा विचारत होता, "काय रे, काय केलंस बायकोला?" लवू मुळातच कमी बोलतो. घाबरला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्याला विचारलं, धाकू तोरस्कर तुझा कोण? तो म्हणाला, "मेवणो." मग विचारलं, सख्खा मेहुणा कशाला खोटं सांगेल? हवालदार चाळीत चौकशीला गेले. शेजारचे कुंडलिक पेडणेकर म्हणाले, "हो हो, कुंदाचा भाऊच तो. दर भाऊबीजेला येतो. आमच्याकडे चहा पिऊन जातो." दुसऱ्यांनीपण तेच सांगितलं. त्यात कोणी खोटं बोललं नाही. तिथंच माझी वाट लागली.

त्याचा खुलासा असा की, आम्ही चार बहिणी, भाऊ नाही. माझं लग्न होऊन मी मुंबईत आले. पहिल्या दिवाळीत चाळीतल्या सगळ्या बायका भावांना ओवाळत होत्या आणि मी दार लोटून आत बसले होते. धाकू तेव्हा भांडुपला राहायचा. नारळ घेऊन आला आणि म्हणाला, "कुंदा, पाट मांड, ओवाळ माका." तेव्हापासून तो माझा भाऊ. लवू त्याला मेहुणा म्हणतो, श्रुतिका मामा म्हणते. तिच्या बारशाला कानात नाव सांगायला लवूची मोठी बहीण होती, पण पाळणा धाकूनं आणला होता. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही.

शुद्धीवर आल्यावर मी नर्सला, डॉक्टरला, लवूला, सगळ्यांना सांगितलं की हात मशीनमध्ये गेला. लवूला सोडून दिलं. त्याच्यावर केस झाली नाही, पण कागद बदलला नाही. मार्चमध्ये मी हात गळ्यात बांधून या ठाण्यात आले. सांगितलं, माझा जबाब घ्या. हवालदार म्हणाले, "बाई, जबाब झालाय, तुमच्या भावानं दिलाय." परत आले तर म्हणाले साहेब बंदोबस्ताला गेलेत. हे लिहायला साहेब तयार नव्हते. माझ्या वकीलबाई शेजारी बसल्या आहेत म्हणून लिहिलं.

सोसायटीच्या सेक्रेटरीनं लवूला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? तेव्हापासून लवू घरात गॅस पेटवत नाही. मी डाव्या हातानं पेटवते.

लाँड्रीतून कोणी विचारायला आलं नाही. कामगार विम्याचं ईएसआय कार्ड माझं काढलंच नव्हतं, नऊ वर्षं आज काढतो, उद्या काढतो. श्रुतिकानं चौकशी केली, बाईमाणसाला सरकारकडून फुकट वकील मिळतो. तसा अर्ज केला आणि अॅडव्होकेट यव्होन परेरा, मरोळ गावठाणात राहतात, त्यांनी माझी केस घेतली. नुकसानभरपाईचा दावा कामगार कोर्टात लावला. त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं, कामावर असताना लागलं तर मालकाला द्यावं लागेल, घरी लागलं तर काही नाही. मी म्हटलं, मग झालंच की, कामावर लागलं. त्या म्हणाल्या, "कुंदाबाई, तुम्ही म्हणून झालं नाही. थांबा."

ऑक्टोबरमध्ये मालकाचं उत्तर आलं. त्या वाचत होत्या आणि मी बघत होते. लिहिलं होतं, ही बाई आमच्याकडे कामाला नव्हती. ती घरी भाजली. नवरा दारू पितो, घरात भांडणं आहेत. सोबत भावाचा जबाब.

"तुम्हाला भाऊ किती?" वकीलबाईंनी विचारलं.

"एकपण नाय."

"मग हा कोण?"

"हा धाकू. मानलेला."

"कायद्यात मानलेला म्हणजे कोणी नाही."

"दिवाळीत असतो ना पण," मी म्हटलं.

वकीलबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अगं बाये, मला हे आधी कोणी सांगायचं? तुझ्याच घरातल्या माणसानं तुझी केस मारलीय असं दिसतंय इथं."

दारूबद्दल लिहिलंय त्याचं सांगते. लवू पितो. शनिवारी पितो आणि झोपतो. ते लपवायला मी आले नाही. पण पंचवीस वर्षांत त्यानं माझ्यावर हात उचलला नाही. उचलला असता तर दोन्ही हात शाबूत असताना मी गप्प बसले नसते, हे चाळीत कोणालाही विचारा. आणि मी कामाला नव्हते तर नऊ वर्षं रोज सकाळी मुलुंडला काय हवा खायला जात होते?

भाऊबीजेच्या दिवशी धाकू आमच्या घरी आला. हातात साडीचा बॉक्स आणि मालकाकडचा एक कागद. कागदावर होतं की माझा लाँड्रीशी संबंध नाही, दावा मी राजीखुशीनं मागे घेते. म्हणाला, "आंगठो लाव, कुंदा. मालक औषधापाण्याचा बघतलो. कोर्टात जल्म जातलो तुझो."

मी विचारलं, "पातेलं जड होतं काय रे?"

तो म्हणाला, "माका मालकान सांगितल्यान, मी काय करू? माझी नोकरी आसा, पोराचा लगीन ठरलाहा. म्हटलं, भाव म्हणून सांगितलंय तर कोण इचारूचो नाय."

लवू खाटेवर बसला होता. फेब्रुवारीपासून तो धाकूशी एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "धाकू, माका पोलिसांनी बाकड्यार बसवल्यानी तेव्हा तू खंय होतस?"

धाकू म्हणाला, "कामार."

एवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ते जाऊ दे. सणाचो दिवस आसा, ओवाळ आधी."

मी ताट उचललं आणि फेकलं. साहेबांनी विचारलं, त्याला लागलं का? नाही लागलं. डाव्या हाताचा नेम नाही. साडीचा बॉक्स जिन्यात टाकला, तो त्यानं जाताना उचलून नेला. कागदावर अंगठा दिला नाही. हा कागद श्रुतिकानं मोबाइलवर टिपला आहे, तो वकीलबाईंनी साहेबांना दाखवला.

शकु साक्ष देईल की नाही मला माहीत नाही. तिच्यावर दोन पोरं आहेत आणि ती अजून त्याच रोलरवर उभी राहते. तिच्यावर माझा राग नाही. पट्टी आजपण बांधलेलीच आहे, असं ती फोनवर म्हणाली. ती सोडवायला कोणालातरी पाठवा.

तरी माझं सांगणं असं की, माझा हात घरी भाजला नाही. लाँड्रीत, कामावर असताना, रोलरमध्ये गेला. त्यात माझ्या नवऱ्याचा काही संबंध नाही, तो त्या वेळी त्याच्या सोसायटीत पंप दुरुस्त करत होता. दि. १८ फेब्रुवारीचा धाकू तोरस्कर याचा जबाब खोटा आहे, आणि तो देण्याचा त्याला हक्क नव्हता. साहेबांनी विचारलं, नक्की काय लिहू, तो तुमचा भाऊ आहे की नाही? लिहा, तो माझा भाऊ नाही. रक्ताचा नव्हता आणि मानलेला आता राहिला नाही.

वकीलबाईंच्या अर्जावरून धाकूला आज चौकशीला बोलावलं आहे. मी आत येताना तो त्याच बाकड्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "सांभाळून सांग हां, कुंदा." मी सांभाळून सांगितलं नाही. झालं तसं सांगितलं.

लवूपण आला आहे. तो फाटकाशी उभा आहे, ठाण्याच्या आत पाय टाकायला तयार नाही.

वरचा जबाब साहेबांनी मला वाचून दाखवला. मी म्हटलं, दार उघडा आणि मोठ्यानं परत वाचा. साहेब म्हणाले, तशी पद्धत नाही. मी म्हटलं, मग मी अंगठा देत नाही. मग साहेबांनी दार उघडून जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचला. बाहेर बाकड्यापर्यंत आणि फाटकापर्यंत ऐकू गेला. मी सांगितला तसाच उतरला आहे, खरा आहे.

कुंदा लवू घाडीगावकर
निशाणी डावा अंगठा